दहाच्या आत

पन्नास मीटरच्या रायफल स्पर्धेत ‘दहा’चं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढं. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर. गोळीची कड वर्तुळाच्या रेषेला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. त्यामुळे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालतो. त्यापुढे गेला की नऊ. हाच हिशेब उलटा नेमबाजापर्यंत आणला की खेळ किती अवघड आहे ते कळतं. डोळ्यापासून नळीच्या टोकावरच्या साइटपर्यंत साधारण एक मीटर अंतर धरलं, तर पन्नास मीटरवरचे ते ८ मिलिमीटर इथे ०.१६ मिलिमीटर होतात. नळीचं टोक डोक्यावरच्या दोन केसांच्या जाडीएवढं इकडेतिकडे झालं, तरी दहाचे नऊ होतात. रायफल आठ किलोपर्यंत जड असू शकते, तिला दुर्बीण लावायला मनाई असते आणि ती धरणाऱ्या माणसाचं हृदय मिनिटाला साठ-सत्तर वेळा धडधडत असतं.

हे तीन आसनांत करायचं. आधी नीलिंग, म्हणजे एका गुडघ्यावर बसून. मग प्रोन, म्हणजे पोटावर झोपून. आणि शेवटी स्टँडिंग, म्हणजे उभं राहून. प्रत्येक आसनात वीस, अशा साठ गोळ्या.

कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या साठ गोळ्या झाडायला उभा राहिला, तेव्हा त्याने नीलिंगमध्ये १९८, प्रोनमध्ये १९७ आणि स्टँडिंगमध्ये १९५ गुण घेतले. एकूण ६०० पैकी ५९०. अंतिम फेरीत आठ जण जातात. तो सातवा होता. त्याचा सहकारी ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर याचे ५८९ गुण झाले आणि तो अकरावा आला. साठ गोळ्यांत एका गुणाचा फरक, म्हणजे कुठल्या तरी एका गोळीचा रेषेला झालेला किंवा न झालेला स्पर्श, आणि एकाचं ऑलिम्पिक तिथेच संपलं.

१ ऑगस्टला अंतिम फेरी झाली. या फेरीत गुण दशांशात मोजले जातात. तिथे नुसता दहा पुरत नाही, दहाच्या आत किती आत, हेही पाहिलं जातं. मध्याकडे ०.८ मिलिमीटर सरकलं की एक दशांश वाढतो आणि कमाल गुण १०.९. स्वप्नीलचे नीलिंगच्या पंधरा गोळ्यांत १५३.३ झाले, प्रोनच्या पंधरात १५६.८. मग स्टँडिंग. चाळीस गोळ्यांनंतर तो ४११.६ वर, तिसऱ्या जागी होता आणि तिथून पुढे एकेक गोळी, एकेक नेमबाज बाहेर. ४४ गोळ्यांअखेर त्याचे ४५१.४ गुण झाले, कांस्यपदक मिळालं. चीनच्या लिऊ युकुनने ४६३.६ गुणांचं सुवर्ण घेतलं, युक्रेनच्या सेरही कुलिशने ४६१.३ गुणांचं रौप्य. या प्रकारात ऑलिम्पिक पदक मिळवणारा स्वप्नील पहिला भारतीय. आणि १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्य आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली होती.

४४ गोळ्यांची सरासरी १०.२५ च्या वर. ही अचूकता येते कुठून? पाहणाऱ्याला वाटतं, तीक्ष्ण नजर आणि न हलणारा हात. नेमबाजांच्या सरावाकडे जरा वेळ लक्षपूर्वक पाहिलं तर उत्तर वेगळं मिळतं. चांगली रायफल आधीच अचूक असते. नेमबाज ती अचूकता वाढवत नाही. आपल्या शरीरामुळे, घाईमुळे आणि मनामुळे ती जिथे जिथे बिघडते, ती एकेक जागा शोधून तो बंद करत जातो. अचूकता वाढवण्याच्या सगळ्या कष्टांचा गाभा एवढाच आहे आणि त्याला वर्षं लागतात.

आधी यंत्राबद्दल. या स्पर्धेतलं काडतूस म्हणजे पॉइंट टू टू लाँग रायफल. एनसीसीच्या कॅडेटने फायरिंगच्या दिवशी हाताळलेलं असतं ते याच कुळातलं. शिशाची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. ती नळीतून सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर वेगाने निघते. हा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला असतो. आवाजापेक्षा जोरात निघालेली गोळी वाटेत मंदावून तो वेग ओलांडते तेव्हा डगमगते आणि लक्ष्यावर गोळ्या विखुरतात. नळीच्या आत मळसूत्रासारखे कोरलेले आटे असतात. साधारण १६ इंचांत एक पूर्ण वळसा. या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती गरगरत जाते आणि तिचा रोख टिकतो.

जर्मनीतल्या उल्म शहरातली आन्शुट्झ ही या रायफलींची सर्वांत नावाजलेली कंपनी, १८५६ साली सुरू झालेली. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्वित्झर्लंडची ब्लायकर ही बाकीची नावं. अशी महागडी रायफल घेतली तरी काम संपत नाही, कारण एकाच कारखान्यातल्या, एकाच नावाच्या काडतुसांचा प्रत्येक लॉट वेगळा वागतो. दारूच्या वजनात किंवा शिशाच्या घडणीत उघड्या डोळ्यांना न दिसणारा फरक असतो आणि एका नळीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असं नाही. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन काडतुसांच्या कारखान्यात जातात. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची एली, जर्मनीतली आरडब्ल्यूएस आणि फिनलंडची लापुआ यांच्या चाचणी रेंज आहेत. तिथे रायफल शिकंज्यात घट्ट आवळतात, एकामागून एक लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात आणि कुठल्या लॉटचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, सर्वांत लहान येतो ते मोजतात. उत्तम जोडी जमली तर पन्नास मीटरवर दहाही गोळ्यांचं मिळून बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत पंधरा-सोळा मिलिमीटरचं एकच भोक पडतं. म्हणजे सगळ्याच्या सगळ्या दहाच्या आत, आणि शिवाय जागा शिल्लक.

शिकंज्यातली रायफल दहा चुकत नाही. चुकते ती माणसाच्या खांद्यावर आल्यावर.

म्हणून शरीराचा शिकंजा करावा लागतो. त्याचा पहिला नियम: रायफल स्नायूंवर पेलायची नाही, हाडांवर ठेवायची. स्नायू थकतो, थरथरतो. हाड थकत नाही. प्रोनमध्ये डावा कोपर रायफलच्या जवळजवळ खाली येतो आणि दंडाला बांधलेला स्लिंग, म्हणजे पट्टा, हाताच्या पंजाभोवतून रायफलला जातो. वजन पट्ट्यावर आणि कोपराच्या हाडावर पडतं, पंजा नुसता सैल राहतो. उजवा गुडघा थोडा वर ओढून घेतलेला असतो, कारण पोट जमिनीला पुरतं टेकलं की प्रत्येक श्वासाला आणि पोटातल्या धमनीच्या प्रत्येक ठोक्याला रायफल उचलली जाते. नीलिंगमध्ये उजव्या पायाच्या घोट्याखाली एक भरीव गुंडाळी असते आणि टाचेवर बसून डावा कोपर डाव्या गुडघ्यावर टेकतात. इथे पाठ ताठ ठेवायचा मोह आवरावा लागतो. खांदे सैल सोडून, जरा पोक काढून बसणाऱ्याचीच रायफल थांबते.

स्टँडिंग सर्वांत अवघड. तिथे स्लिंग वापरता येत नाही. उजव्या हाताचा नेमबाज लक्ष्याकडे डावी कूस करून उभा राहतो, डावी कंबर लक्ष्याच्या बाजूला थोडी पुढे काढतो, डावा कोपर कंबरेच्या हाडावर किंवा बरगड्यांवर टेकवतो आणि पाठीच्या कण्याला मागे व उजवीकडे किंचित बाक देऊन रायफलचं वजन तोलतो. कॅनव्हास आणि चामड्याचं जाड जॅकेट, तशीच पँट आणि सपाट तळाचे बूट याच कामासाठी. नवशिक्याला हा वेष पाहून वाटतं, सगळी जादू जॅकेटमध्येच आहे. पण नियमांनी त्यावर करडी नजर ठेवली आहे. कापडाची जाडी २.५ मिलिमीटरच्या वर चालत नाही, कडकपणाही यंत्राने तपासतात, आणि स्पर्धेनंतर तपासणीत नापास झालेला नेमबाज बाद होतो.

आसन जमलं की येते या कलेतली सर्वांत कमी बोलली जाणारी आणि सर्वांत जास्त गुण देणारी गोष्ट. शरीराला स्वतःची एक दिशा असते. रायफल खांद्याला लावून, सैल होऊन डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. साइट जिथे दिसेल ती शरीराची स्वाभाविक दिशा. ती लक्ष्याच्या डावीकडे असेल तर हाताने रायफल उजवीकडे ढकलायची नाही. पाय सरकवायचे. प्रोनमध्ये डावा कोपर जागेवर ठेवून बाकीचं शरीर फिरवायचं. हाताने ढकललेली रायफल गोळी सुटण्याच्या क्षणी आपल्या मूळ जागी परत जाऊ पाहते आणि गोळी तिकडे जाते. नवा नेमबाज ‘मी तर मध्यावर धरलं होतं, नऊ कसा आला?’ म्हणतो, तेव्हा अनेकदा उत्तर इथे असतं. चांगले प्रशिक्षक सुरुवातीला गुण बघतच नाहीत. ते ग्रुप बघतात. सगळ्या गोळ्या एका जागी पडत असतील, मग ती जागा सातवर का असेना, तर शरीर बरोबर आहे. साइटचे खटके फिरवून तो ग्रुप मध्यावर आणता येतो. विखुरलेल्या गोळ्यांना मात्र कुठलाही खटका सुधारू शकत नाही.

नेम धरण्याची रीत त्या मानाने सोपी. मागच्या साइटला बारीक भोक असतं, पुढच्या साइटमध्ये कडं. कड्याच्या आत लक्ष्याचं काळं वर्तुळ दिसतं आणि दोहोंच्या मधला पांढरा पट्टा सगळीकडे सारखा दिसला की नेम बरोबर. नजर कड्यावर स्थिर ठेवायची, लक्ष्य जरा धूसर दिसलं तरी चालतं. गाल रायफलच्या कुंद्यावर दर वेळी त्याच जागी टेकला पाहिजे. गाल किंचित सरकला तरी डोळा भोकाच्या मध्यातून हटतो, आणि तो बदल नेमबाजाला जाणवत नाही, फक्त लक्ष्यावर दिसतो.

श्वास अर्धा सोडून थांबायचं. पाच-सहा सेकंदांत रायफल स्थिरावते आणि बोट ट्रिगरवर दाब वाढवत नेतं. या रायफलींचा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास दाबाला सुटतो, त्यामुळे ‘ओढणं’ हा शब्दसुद्धा इथे जास्त होतो. आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून. थांबून राहिलं की प्राणवायू कमी पडतो, नजर मंदावते आणि मन ‘आता सोडच’ म्हणून घाई करतं. वाईट गोळ्या बहुतेक या घाईतल्या असतात. अनुभवी नेमबाज किती गोळ्या झाडतो यापेक्षा किती वेळा न झाडता रायफल खाली घेतो, यावरून त्याचं शिक्षण कळतं. गोळी सुटल्यावरही दोन क्षण तसंच राहायचं असतं, याला फॉलो थ्रू म्हणतात. कारण ट्रिगर सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात आणि तेवढ्यात मान उचलली तर नळीही उचलली जाते. एअर रायफलचा पेलेट याहून सावकाश, सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने जातो, नळीत जास्त वेळ राहतो. म्हणून एअर रायफलवर घडलेला नेमबाज फॉलो थ्रू कधी विसरत नाही.

हृदयाच्या ठोक्याचं काय? तो थांबवता येत नाही. सराईत नेमबाजाची गोळी दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत सुटते, आणि ती वेळ शरीरच शिकतं. ठोके औषधाने मंद करण्याचा आडमार्ग जगाने बंद केला आहे. बीटा ब्लॉकर गटातली औषधं नेमबाजीत स्पर्धेदरम्यान आणि एरवीही बंदीच्या यादीत असतात. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या पिस्तूल नेमबाजाची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळे काढून घेतली गेली.

मग वारा. पन्नास मीटरची रेंज बहुधा उघडी असते आणि सेकंदाला एक मीटरची आडवी झुळूक, जी गालाला कशीबशी जाणवते, ती या हलक्या गोळीला पाच-सहा मिलिमीटर ढकलते. दहाची मर्यादाच ८ मिलिमीटरची. शिवाय गोळी गरगरत असल्याने ती सरळ आडवी सरकत नाही. डावीकडून वारा आला तर उजवीकडे आणि जरा खाली, उजवीकडून आला तर डावीकडे आणि जरा वर. रेंजवर १० आणि ३० मीटरवर छोटे झेंडे लावलेले असतात. नेमबाज सरावाच्या गोळ्यांत एक ‘नेहमीचा वारा’ ठरवतो, त्यावर साइट लावतो आणि झेंडे पुन्हा त्या स्थितीत आले की गोळी सोडतो. बाकीचा वेळ वाट बघण्याचा.

इतकं सगळं हाताशी असूनही गोळी चुकते, कारण मन. २९ सप्टेंबर २०२३ ला हांगझूच्या आशियाई स्पर्धेत स्वप्नीलने ऐश्वर्य आणि अखिल शेरॉनसोबत सांघिक सुवर्ण जिंकलं, १७६९ गुणांच्या विश्वविक्रमासह. त्याच दिवशी वैयक्तिक अंतिम फेरीत तो आघाडीवर होता, आणि स्टँडिंगमध्ये एक गोळी ७.६ वर गेली. पदक गेलं, चौथा क्रमांक आला. त्याआधी २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेतही तो चौथाच होता. देशाला पॅरिसची जागा मिळाली, त्याला पदक नाही. पॅरिसमध्ये तो पुन्हा स्टँडिंगला उभा राहिला तेव्हा या दोन्ही आठवणी त्याच्यासोबत होत्याच. त्या असूनही त्याने आपल्या क्रमाने, एकेक गोळी म्हणून ती फेरी पूर्ण केली. पदकाच्या रंगापेक्षा ही गोष्ट शिकणाऱ्याला जास्त उपयोगी आहे.

महाराष्ट्राने मनाच्या या बाजूचा विचार बराच आधी सुरू केला होता. नाशिकचे भीष्मराज बाम पोलीस अधिकारी होते, स्वतः नेमबाज होते. योगाभ्यास आणि क्रीडामानसशास्त्र यांची सांगड घालून त्यांनी अनेक खेळांतल्या खेळाडूंना घडवलं आणि मराठीत त्यावर सोप्या भाषेत लिहिलं. २०१७ मध्ये ते गेले.

मुळात या खेळाशी मराठी माणसांचं नातं जुनं आहे. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. राष्ट्रीय स्पर्धेआधीची देशव्यापी मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाने होते. मुंबईत वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर प्रशिक्षक संजय चक्रवर्ती यांनी एक पिढी उभी केली. कीर्ती कॉलेजात एनसीसीतून बंदूक हाती घेतलेली अंजली भागवत २००० मध्ये सिडनीत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचली आणि २००२ मध्ये म्युनिकला चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स झाली. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे २००४ मध्ये अथेन्सला गेल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली. नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील १८ व्या वर्षी, २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलचा जगज्जेता झाला. अभिनव बिंद्रानंतर तो मान मिळवणारा तो दुसराच भारतीय.

या यादीत मोलाचा आहे तो मधला धागा. चक्रवर्तींकडे शिकलेल्या दीपाली देशपांडे पुढे स्वत: प्रशिक्षक झाल्या आणि स्वप्नील त्यांचा शिष्य. २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला. रायफल विकत आणता येते, लॉट निवडता येतो, पण ‘तुझा डावा खांदा आज वर आहे’ हे सांगणारा डोळा एका माणसाकडून दुसऱ्याकडेच जातो. तो डोळा ज्या गावात पोचला, तिथे पदकं आली.

आता तो डोळा अजून पोचायचा आहे अशा वऱ्हाडातल्या वाशिमकडे वळू. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा. पोलीस आणि सैन्यभरतीसाठी पहाटे धावणारी मुलं-मुली इथल्या रस्त्यांवर आहेत, शाळा-कॉलेजांत एनसीसी आहे. पदकांच्या या यादीत मात्र वऱ्हाडचं नाव नाही. वऱ्हाडच्या मातीत नेम नाही असं कुणी म्हणेल, तर शेजारच्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकार त्याचं उत्तर आहे. हांगझूत कंपाउंड धनुर्विद्येच्या सांघिक सुवर्णात त्याचा बाण होता. कांबळवाडीतही रेंज नव्हती. स्वप्नील २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवडला गेला, नाशिकला नेमबाजी शिकला, पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात घडला आणि २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करत राहिला.

पन्नास मीटरची रेंज, पॉइंट टू टू रायफल, तिचा शस्त्रपरवाना, परदेशी काडतुसं हे सगळं खर्चिक आणि किचकट आहे, यात शंका नाही. पण सुरुवात तिथून करायचीच नसते. सुरुवात दहा मीटरच्या एअर रायफलपासून होते. पॉइंट १७७ बोअरची आणि वीस जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल शस्त्रपरवान्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. ठाणे जिल्ह्यातल्या प्रिसिहोलसारख्या देशी कंपन्या आता ती बनवतात. शालेय क्रीडा स्पर्धांत हा प्रकार आहे. आणि जागा लागते ती किती? दहा मीटर लांबीचा बंदिस्त हॉल, जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर लक्ष्यं, त्यांच्यामागे पेलेट अडवणारी भक्कम लोखंडी पेटी आणि भिंत, चांगला उजेड, आणि नेमबाजांच्या रेषेपुढे कुणीही जाऊ नये अशी कडक शिस्त. वऱ्हाडचा एप्रिल-मे बघता छत हवंच. पेलेट शिशाचे असतात, म्हणून हवा खेळती हवी आणि सरावानंतर हात धुवायची सवयही हवी.

सरावाचा मोठा भाग तर गोळीशिवाय होतो. याला ड्राय फायरिंग म्हणतात. रिकामी रायफल, समोर भिंतीवर काळा ठिपका, आणि तेच आसन, तोच श्वास, तोच ट्रिगर, तोच फॉलो थ्रू. धक्का नाही, आवाज नाही, गुण नाहीत. त्यामुळे ट्रिगर सुटताना कडं कुठे सरकलं ते स्पष्ट दिसतं. ऑलिम्पिकपटूंकडे यासाठी स्कॅट नावाचं उपकरण असतं, ते नळीची हालचाल संगणकाच्या पडद्यावर रेषेत काढून दाखवतं. ते नसलं तरी चालतं. एक वही मात्र हवी. आज पाय कुठे होते, पट्टा कितव्या खाचेवर होता, झोप किती झाली होती, कोणत्या गोळीला घाई झाली, आणि लक्ष्याकडे बघण्याआधी ‘ही गोळी कुठे गेली असेल’ याचा आपला अंदाज काय होता. अंदाज आणि गोळी जुळू लागली की नेमबाज घडू लागला असं समजावं.

कमतरता आहे ती शिकवणाऱ्या डोळ्याची, आणि ती भरून काढणं शासनाच्या हातात आहे. जिल्हा क्रीडा कार्यालयाने क्रीडाशिक्षक आणि एनसीसी अधिकाऱ्यांपैकी दोघा-तिघांना बालेवाडीला किंवा पनवेलला सुमा शिरूर यांच्या अकादमीत काही महिने शिकायला पाठवावं. एका शाळेच्या हॉलमध्ये चार लेन उभ्या कराव्यात. शाळांनी आठवीपासूनच्या मुलींना आणि मुलांना तिथे न्यावं. पालकांनी पहिल्या वर्षी गुण विचारू नयेत, ग्रुप किती लहान झाला ते विचारावं.